लेसर मशिनच्या आरशाचे स्क्रू ढिले का पडतात : सर्व्हिसमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात ट्रॉफ्या, नेमप्लेट आणि गणपतीची मखरं कापणाऱ्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) लेसर मशिन आहेत. ट्यूबमधून निघालेला लेसरचा झोत, म्हणजे बीम, तीन आरशांवरून वळत कापणाऱ्या हेडपर्यंत जातो. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजातून फिजिक्स करून आलेला असो की आयटीआयचा फिटर, या मशिनच्या सर्व्हिसला लागलं की एक तक्रार हमखास कानावर येते : मागच्या डाव्या कोपऱ्यात झकास कापतंय, पुढच्या उजव्या कोपऱ्यात आरपार जात नाही. लगेच ट्यूब (लेसर तयार करणारी काचेची नळी) संपली असं म्हणू नका. ट्यूब संपत आली असेल तर कापणी सगळीकडेच कमजोर होते. लांबच्या कोपऱ्यातच बिघडत असेल, तर आधी आरशाकडे बघा : आरसा जरासा कलला तरी बीम जितका लांब जाईल तितका जास्त बाजूला सरकतो.

स्क्रू किती हलला तर एवढं होतं, हे एकदा कागदावर मांडा. आरसा धरणाऱ्या मिरर माउंटमध्ये दोन प्लेटी असतात, आणि त्यांच्यातली फट तीन स्क्रूंनी कमी-जास्त करून आरशाचा कल बदलतात. त्यातला एम४ (४ मिमी जाडीचा) स्क्रू धरू. त्याची पिच, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात तो सरकतो ते अंतर, ०.७ मिमी, आणि दोन स्क्रूंमधलं अंतर साधारण ४० मिमी. स्क्रू फक्त ५ अंश फिरला, तर टोक जवळजवळ ०.०१ मिमी सरकतं. आरसा ०.२५ मिलिरेडियन (मीटरमागे पाव मिलिमीटर) कलतो आणि परावर्तित बीम त्याच्या दुप्पट वळतो. दीड मीटरवर ठिपका पाऊण मिलिमीटर बाजूला जातो. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात ६ अंश फिरतो. म्हणजे त्याहूनही कमी फिरकीत हे होतं. डोळ्यांना स्क्रू जागेवरच दिसत राहतो.

आता कारण. घट्ट आवळलेला बोल्ट ताणला जातो आणि त्या ताणावर टिकतो. ॲडजस्टमेंटच्या स्क्रूला तसा ताण नसतो. दोन प्लेटींना जवळ ओढणारी स्प्रिंग जेवढं दाबते, तेवढंच घर्षण आट्यांमध्ये असतं. मिरजेच्या तंबोऱ्याची खुंटी जशी निव्वळ घर्षणावर तार धरून ठेवते, तसंच. बोल्टसुद्धा आडव्या थरथरीने, जोड घसरू लागला की, आपोआप सुटतो. हे गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवलं. मग हा स्क्रू तर सुटणारच. एन्ग्रेव्हिंग (कोरीव काम) करताना हेड दर ओळीला दिशा बदलतं आणि प्रत्येक वळणावर हिसका बसतो. म्हणून फ्रेमवर बसलेला पहिला आरसा सहसा शहाण्यासारखा राहतो, आणि गँट्रीवरचा (हेड वाहून नेणाऱ्या सरकत्या दांड्यावरचा) दुसरा नि हेडवरचा तिसरा सरकतो. स्प्रिंग वॉशर घालून हे थांबत नाही.

उन्हाळ्यात तापल्यामुळे स्क्रू सरकला, असंही बऱ्याचदा सांगितलं जातं. स्क्रूपुरतं बोलायचं तर ते पटत नाही. एक स्क्रू दुसऱ्यापेक्षा १० मिमी जास्त बाहेर असेल आणि तापमान १५ अंशांनी वाढलं, तर स्टीलच्या प्रसरणाने फरक पडतो दोन मायक्रॉनहून कमी. वरच्या ५ अंशांच्या फिरकीच्या पाचव्या हिश्श्याइतकाही नाही.

स्क्रूला हात लावण्याआधी मशिन बंद करून माउंट चिमटीत धरा आणि हलकेच हलवून बघा. पुष्कळदा हलतं ते ब्रॅकेट. ब्रॅकेटचे बोल्ट आधी पक्के करा, नाहीतर केलेलं अलाइनमेंट (आरशांची जुळणी) पाण्यात. ॲल्युमिनियमच्या आट्यात एम६ बोल्ट बसत असेल तर तो निदान ९ मिमी आत गेला पाहिजे, आणि जोर ५-६ न्यूटन-मीटरपर्यंतच. त्याहून आवळलं तर आटे उपटून येतात. आरसे पुसायचे असतील तेही आत्ताच. नंतर पुसायला काढले की अलाइनमेंट पुन्हा करावं लागतं.

मग तिन्ही स्क्रू मधल्या चालीत आणा. दोन प्लेटींमधली फट सगळीकडून सारखी, तीन-चार मिमी ठेवा. स्क्रू फार बाहेर असला तर स्प्रिंग सैल पडते, आणि सैल स्प्रिंग हेच पुन्हा ढिलं होण्याचं कारण. मास्किंग टेप लावून कमीत कमी पॉवरचा क्षणभर पल्स द्या, एकदा जवळ आणि एकदा लांब. दोन्ही ठिपके एकावर एक आले पाहिजेत. १०.६ मायक्रोमीटरचा बीम दिसत नाही, म्हणून त्या तरंगलांबीचा चष्मा हवाच, आणि बीमच्या वाटेत कोणाचा हात नको. बीमची जागा दाखवायला दिलेल्या लाल डॉटवर भरवसा ठेवू नका. शेवटची फिरकी नेहमी स्क्रू आत जाण्याच्या दिशेने, स्प्रिंगच्या विरुद्ध द्या, म्हणजे आट्यातला खेळ एकाच बाजूला दबलेला राहतो.

खरी कसोटी लॉक नट, म्हणजे स्क्रू जागेवर पक्का करणारा नट, आवळताना लागते. नट आवळला की आट्यातल्या फटीमुळे स्क्रू किंचित ओढला जातो आणि ठिपका हलतो. स्क्रू ॲलन कीने किंवा बोटांनी घट्ट धरा आणि नट पान्याने थोडा-थोडा आवळा. तिन्ही नट आळीपाळीने, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नको. पुन्हा पल्स द्या. ठिपका दर वेळी एकाच बाजूला जात असेल, तर नट सैल करून तेवढंच उलट्या बाजूला आधी ठेवा आणि मग आवळा.

थ्रेडलॉकर, म्हणजे आटे चिकटवून धरणारा द्रव, ॲडजस्टमेंटच्या स्क्रूला लावू नका. लावायचा तो ब्रॅकेटच्या बोल्टला. लहान स्क्रूंसाठी जांभळा, कमी ताकदीचा लॉकटाइट २२२ पुरे, एक थेंब, आणि पूर्ण सुकायला २४ तास द्या. हिरवा २९० जोडलेल्या आट्यातही झिरपतो, म्हणून माउंटजवळ तो नकोच. ॲक्रिलिकच्या भागांवर हे द्रव सांडले तर तडे जातात. फेविक्विकसारख्या गोंदाची वाफ तर आरशावर पांढरा थर धरते, त्याला काचेजवळ थारा नको. गंजलेले आटे सोडवायला मारतात त्या तेलाने मूळचं ग्रीस धुऊन जातं, तेही टाळा.

सगळं झालं की प्रत्येक नट आणि स्क्रूवरून प्लेटीपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. पुढच्या व्हिजिटला रेघ तुटलेली दिसली, तर कोणता स्क्रू फिरला ते टेप न लावताही कळतं. रेघ शाबूत असून ठिपका सरकला असेल, तर स्प्रिंग, ब्रॅकेट आणि गँट्रीचे रोलर तपासा. स्प्रिंग थकली असेल तर तीनही एकदम, एकाच मापाच्या बदला.