मोडायची गाडी विकतच घ्यावी लागते

गाड्यांच्या टीव्ही कार्यक्रमांसाठी मी कोकणात लाइन प्रोडक्शन, म्हणजे चित्रीकरणाची जागेवरची सगळी व्यवस्था, बघते. दापोलीपासून रत्नागिरीपर्यंतचा किनारा हा माझा पट्टा. या कामात येऊ पाहणारी मुलं फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: "ताई, एवढ्या गाड्या उडवायला पैसे देतं कोण?" प्रश्न अगदी योग्य आहे. पैसे कोणाचे हे कळलं, की पडद्यावर काय मोडणार आणि काय नाही हेही कळतं.

चाचणीसाठी येणारी नवीकोरी गाडी कंपनीची असते, म्हणजे उसनी. ठरलेल्या दिवशी ती परत जाते आणि बंपरवर चरा उठला तरी लिहून द्यावं लागतं. ती फार तर घाटात पळवायची. बाकी खर्च चॅनेल जाहिरातींतून आणि प्रायोजकांकडून उभा करतं. पण ज्याच्या पैशावर भाग निघतो, त्याचीच गाडी बुडताना दाखवणार कशी? म्हणून मोडायची गाडी जुन्या बाजारातून विकत घेतात. जमलं तर एकाच मॉडेलच्या दोन: एक चालवायला, दुसरी सुट्या भागांसाठी.

बीबीसीच्या 'टॉप गिअर' या गाड्यांच्या कार्यक्रमाला प्रायोजकाची भीड न बाळगण्याचं स्वातंत्र्य होतं, कारण बीबीसी ब्रिटनमध्ये लायसन्स फीवर, म्हणजे टीव्ही बघणाऱ्या घरांनी भरलेल्या शुल्कावर चालते, जाहिरातींवर नाही. शिवाय हा कार्यक्रम 200 हून अधिक देश-प्रदेशांत विकला गेला. डीव्हीडी, मासिक यांचं उत्पन्न वेगळं. तरीही 2003 साली त्यांनी छळ छळ छळलेली टोयोटा हायलक्स ही 1000 पौंडांना घेतलेली जुनी गाडी होती. तिला समुद्रात बुडवलं, पेटवलं आणि शेवटी पाडायला काढलेल्या सुमारे 240 फुटी इमारतीच्या गच्चीवर ठेवलं. इमारत कोसळली, ढिगाऱ्यातून गाडी काढली आणि ती चालू झाली. यातला हिशेब नीट बघा: गाडी स्वस्त, आणि सगळ्यात भव्य दृश्य तिथे, जिथे काहीतरी तसंही पडणारच होतं. आपल्यासारख्या लहान बजेटवाल्यांनी हे शिकायला हवं.

याच हायलक्सला ब्रिटनमधल्या ब्रिस्टल चॅनेल या खाडीच्या किनाऱ्यावर भरतीने दोर तोडून ओढून नेलं होतं. ते दृश्य मी पुन्हापुन्हा बघते, कारण आमचंही तसंच झालं असतं.

माझं तिसरं शूट, पौर्णिमेचा दिवस. परवानगी हातात होती, सकाळी सहाला गाडी पुळणीवर उतरवली. ओहोटीने वाळू लांबवर उघडी पडलेली, घट्ट, आरशासारखी ओली. दिग्दर्शकाला आणखी एक पास, म्हणजे कॅमेऱ्यासमोरून गाडीची आणखी एक फेरी हवी होती, मग आणखी एक. तिथले तांडेल काका लांबून बघत होते. त्यांनी पाण्याच्या कडेला एक काठी रोवली आणि म्हणाले, "आज पुनव हाय पोरी, पाणी थांबायचं नाय." मी मान हलवली आणि कॅमेऱ्याकडे वळले. साडेआठला बघितलं तर काठीचं फक्त टोक दिसत होतं आणि गाडीची मागची चाकं रुतलेली. चाकांतली हवा निम्मी केली, खाली नारळाच्या झावळ्या घातल्या, शेवटी मच्छीमारांच्या ट्रॅक्टरने गाडी निघाली. तेव्हा पाणी दारापर्यंत आलं होतं.

तेव्हापासून मी काकांचं गणित वापरते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून सहा तास मागे-पुढे ओहोटी. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, रुंद किनारा आणि कोवळं ऊन एकाच वेळी मिळतं. पण तेच उधाणाचे दिवस. भरतीच्या मधल्या दोन तासांत पाणी सगळ्यात वेगाने चढतं. छापील वेळापत्रकाशी मात्र पडताळून घ्याच.

कागदांचं थोडक्यात: बहुतेक किनाऱ्यांवर गाडी न्यायला बंदी असते, त्यामुळे जिल्हा प्रशासन, ग्रामपंचायत आणि पोलिसांच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. जेटी असेल तर सागरी मंडळाचीही. नोव्हेंबर ते मे कासवांच्या विणीचे आणि पिल्लं बाहेर येण्याचे महिने. वेळाससारख्या ठिकाणी वाळूवर चाक फिरवण्याचा विचारही करू नये, चॅनेल कितीही मोठं असो.

चित्रीकरणात वाळूचा एक नियम आहे. प्रत्येक पासच्या चाकोऱ्या उमटतात, म्हणून कोऱ्या वाळूवरचा ड्रोनचा शॉट सगळ्यात आधी. क्लोजअप आणि काचेला चिकटवलेले कॅमेरे नंतर. मोडतोड एकदाच होते, तिला असतील नसतील ते सगळे कॅमेरे लावा. आणि पडद्यावरचं सगळं जसंच्या तसं घडलं असं समजू नका. 'टॉप गिअर'च्या 2010 च्या भागात तीन चाकी रिलायंट रॉबिन सारखी उलटत होती. ती उलटावी म्हणून डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागात, फेरफार करून घेतला होता, हे सूत्रसंचालक जेरेमी क्लार्कसनने पुढे 2016 साली स्वतःच लिहिलं.

सुरक्षेच्या पैशाला मात्र कात्री लावू देऊ नका. सप्टेंबर 2006 मध्ये त्याच कार्यक्रमाचा दुसरा सूत्रसंचालक रिचर्ड हॅमंडची जेट कार ताशी 460 किलोमीटरच्या पुढे असताना टायर फुटला आणि तो जेमतेम वाचला. डिसेंबर 2022 मध्ये त्याचा पुढचा सूत्रसंचालक, माजी क्रिकेटपटू अँड्र्यू फ्लिंटॉफ चित्रीकरणात गंभीर जखमी झाला आणि पुढच्या वर्षी मालिकाच थांबवली गेली. तगडा निधी आणि अनुभवी माणसं असूनही हे झालं. तुमच्या बजेटमध्ये रुग्णवाहिका, विमा आणि ओढायचा ट्रॅक्टर या ओळी आधी लिहा, गाडीची किंमत त्याखाली.

शूट संपलं की त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी खालून धुवून घ्या, खार दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. माझ्याकडे काम करायचं असेल तर पहिल्या सकाळी कॅमेरा उतरवण्याआधी एक काठी शोधून आणा. ती कुठे रोवायची, ते काकांना विचारू.