स्टॅबिलायझरचा तोल साधताना
हा हातात धरायचा स्टॅबिलायझर म्हणजे हँडलवर तोललेला दांडा: वर प्लेटवर कॅमेरा, खाली वजनाच्या चकत्या. कॅमेरा आधी शूटिंगच्या वेळी असतो तसाच करा: बॅटरी आणि कार्ड आत, स्क्रीन उघडी, लेन्सचं झाकण काढलेलं. तेवढ्या झाकणानेही तोल बिघडतो. वाऱ्याने हलू नये म्हणून खोलीतला पंखा बंद.

आता हँडल धरून दांडा आडवा करा आणि सोडा. तो सरळ उभा व्हायला साधारण २ ते ३ सेकंद लागले पाहिजेत. झपकन खाली आला तर खाली वजन जास्त आहे, चालताना लंबकासारखा झुलणार. खालच्या दोन्ही टोकांची एकेक चकती काढा किंवा दांडा जरा आखूड करा. रेंगाळत असेल तर उलट.

कॅमेरा पुढे झुकतोय? वरची प्लेट मागे सरकवा, पण केसभरच. झूम करताना लेन्स बाहेर येत असेल तर हा सगळा खटाटोप पुन्हा. म्हणून मी तरी फिक्स (झूम न होणारी) लेन्सच लावतो.