लॉनसाठी बियाणं घेताना या चुका टाळा

पाकिटावरचा फोटो पाहून बियाणं घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ते दाट, गर्द हिरवं गवत अनेकदा केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू किंवा रायग्रास असतं. ही थंड हवेची गवतं. १५ ते २४ अंशांत ती खुशीत वाढतात. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात पेरलीत तर झकास उगवतील, मन हरखून जाईल. एप्रिल लागला की पिवळी पडतील आणि मे महिन्यात जमीन पुन्हा उघडी. अमेरिकेतल्या भावाला येताना सामानात बियाणं आणायलाही सांगू नका. परदेशी बियाण्याला आयात परवाना आणि तिथलं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं.

आपल्याकडे बियाण्यापासून लॉन करायचं तर बर्म्युडा घ्या. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. पाकिटात तिचाच निवडक वाण असतो. एवढं लक्षात आलं की सावलीत पेरण्याची चूक होणार नाही. बांधावरची हरळी आठवा. भर उन्हात, कितीही तुडवली तरी फोफावते. पण दाट आंब्याखाली तिचा गालिचा कधी पाहिलाय? तिला रोज निदान सहा तास थेट ऊन हवं. म्हणून दुकानात जाण्याआधी एक सुट्टी घरी काढा आणि सकाळी नऊला, दुपारी बाराला, चारला अंगणात ऊन कुठवर येतं ते पाहा. ऊन कमी असेल तर हे बियाणं घेऊच नका. विरळ सावलीत बफेलो गवताचे (म्हणजे रुंद पात्यांचं सेंट ऑगस्टिन) धुमारे लावता येतात. दाट सावलीत गवताचा हट्ट सोडलेला बरा.

टिफ्डवार्फ किंवा टिफवेचं ‘बियाणं’ कोणी देऊ केलं तर पैसे देऊ नका. या संकरित बर्म्युडांना रुजणारं बी धरतच नाही. त्यांची लागवड काड्यांनी नाहीतर तयार लाद्यांनी होते.

पाकिटावर उगवणशक्ती आणि तपासणीची तारीख वाचा. शंका असेल तर पन्नास बिया मोजून ओल्या फडक्यात, उबदार जागी दोन आठवडे ठेवा. निम्म्याही रुजल्या नाहीत तर ते बियाणं पेरू नका.

जास्त पेरलं की दाट येईल, हाही गैरसमज. रोपं एकमेकांत गुदमरतात आणि बुरशीने मरतात. शंभर चौरस फुटांना ५० ते ९० ग्रॅम बी पुरतं. ते फार बारीक असतं, म्हणून कोरड्या वाळूत मिसळा. निम्मं उभं, निम्मं आडवं फेका. वर अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त माती नको. खोल गेलेलं बी वर येत नाही, आणि मग दोष बियाण्याला लागतो.

जूनचे पहिले पाऊस पेरणीला चांगले, पण कोकणात मुसळधार सरींनी बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. तिथे पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरा.

आणि विकतच्या लाल मातीवर लगेच पेरू नका. तिच्यातून लव्हाळ्याच्या गाठी येतात. नुसती पात उपटली तर गाठ खाली राहते आणि पुन्हा फुटते. माती पसरून भिजवा, दोन-तीन आठवडे थांबा, जे फुटेल ते गाठीसकट खणून काढा. मग पुन्हा भिजवा, पुन्हा खणा. बी त्यानंतर.