वीज पडून गेल्यावर करंट चालू करायची घाई नडते: या चुका टाळा

वळवाचा पहिला पाऊस झोडपून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन खाली ठेवता येत नाही. बेळगावच्या आसपासचं कडोली, उचगाव, खानापूर, कुठूनही येवो, बोलणं तेच. "काल रात्री कडाडलं आणि सगळं बंद पडलंय, जरा ये की." जातो. निम्म्या घरांत विजेनं जाळलं त्याहून जास्त नंतरच्या तासाभरात घरच्यांनीच जाळलेलं असतं.

माझं डोकं सगळ्यात जास्त उठतं ते ईएलसीबी बायपास केलेलं बघून. नवीन पोरं त्याला आरसीसीबी म्हणतात. टेस्टचं बटण असलेला, करंट गळला की आपोआप बंद होणारा (आम्ही "पडणारा" म्हणतो) तो स्विच. एमसीबी, म्हणजे एकेका लाईनीचा छोटा स्विच, जादा लोड आणि शॉर्ट बघतो, वायरीतनं बाहेर निसटणारा गळका करंट त्याला कळत नाही. ईएलसीबीला कळतो. घरात बसवतात तो 30 मिलिअँपिअर गळतीच्या आत पडायला बांधील असतो. म्हणजे वीज पडल्यावर तो वर राहत नसेल तर कुठंतरी करंट गळतोय, आणि तो बायपास न करता ते ठिकाण शोधायचं.

दोन वर्षांपूर्वी जांबोटी रस्त्याला एका कौलारू घरी गेलो होतो. परसातल्या माडावर वीज पडलेली, शेंडा करपलेला. रात्री ईएलसीबी पडलं. वर केलं, पडलं. परत वर केलं, परत पडलं. घरातला पोरगा आयटीआयच्या पहिल्या वर्षाला. त्यानं दोन्हीकडच्या वायरी काढून थेट जोडून टाकल्या. दिवे लागले, पंखा फिरला, आईनं पाठ थोपटली. सकाळी टाकी भरायला बोअरची मोटार लावली आणि आजी परसातल्या नळाला हात लावायला गेल्या. हात झटकून मागंच कोसळल्या. पायात रबरी चपला होत्या म्हणून वाचल्या असं मी समजतो.

मोटारीच्या केबलला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला. 500 व्होल्टच्या मेगरवर निदान एक मेगोहम तरी दाखवायला हवा, इथं काटा शून्याला चिकटलेला. केबलच्या इन्सुलेशनला टाचणीएवढं भोक होतं, ओढून बाहेर काढल्यावर दिसलं. तिथनं करंट लोखंडी पाइपात आणि पाइपातनं नळात. अर्थिंगनं तो ओढून घ्यायला हवा होता, पण अर्थिंगची पट्टी गंजून तुटायला आलेली आणि खड्डा खडखडीत कोरडा. खानापूरकडच्या जांभ्यात मे महिन्यात हेच होतं. चिकोडीकडच्या काळ्या मातीत ओल तरी टिकते. मी स्वतःच्या घरी होळी झाली की दर आठवड्याला अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो. बायको हसते.

त्या पोराला मी काही बोललो नाही. आजीच बोलल्या, पुरेसं होतं.

माझी पद्धत सांगतो. मेन खाली करून घरातले सगळे प्लग काढायचे. सगळे एमसीबी खाली, मग मेन आणि ईएलसीबी वर, आणि मग एकेक एमसीबी उचलायचा. जो उचलल्यावर ईएलसीबी पडेल त्या लाईनीत खोट. सगळे खाली असतानाही पडत असेल तर न्यूट्रलकडं संशय घ्या, कारण साधा एमसीबी फक्त फेज (करंट आणणारी वायर) तोडतो, न्यूट्रल (परतीची वायर) जोडलेलाच राहतो. इथनं पुढं वायरमन बोलवा. यूट्यूब नको.

दुसरी चूक. वीज पडल्यावर दिवे नेहमीपेक्षा लख्ख लागले की लोकांना वाटतं, व्होल्टेज चांगलं आलं. अहो, खांबावरचा न्यूट्रल तुटलेला असतो! थ्री फेज घरात एक खोली लख्ख आणि दुसरी मिणमिणती दिसली तर हेच. 230 च्या जागी 400 च्या आसपास चढू शकतं आणि फ्रिज, टीव्ही, मोटर सगळं एका झटक्यात जातं. मेन खाली ओढा, 1912 ला तक्रार द्या. आमच्याकडं हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, म्हातारी माणसं अजून जुन्या वीज मंडळाच्या नावानं केईबीच म्हणतात, काय म्हणायचं ते म्हणा, पण लाईनमन येईपर्यंत थांबा.

टेस्टरवर विसंबू नका. दीडशे व्होल्ट असो की चारशे, तो पेटतोच.

स्पाइक गार्डचा लाल दिवा लागतोय म्हणजे तो शाबूत आहे असं नाही. आतली चकती एकदा मोठा झटका खाऊन मेली की तो नुसता एक्स्टेन्शन बोर्ड उरतो. बदला.

टीव्हीचा प्लग काढतात आणि डिशची वायर तशीच ठेवतात. वीज तिथनंही येते, सीसीटीव्हीच्या केबलीतनंही येते.

बंद पडलेली वस्तू मी थेट प्लगात घालत नाही, आधी 100 वॅटच्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमध्ये घेतो, म्हणजे करंट बल्बातनंच वस्तूत जाईल असा जोडतो. बल्ब पूर्ण पेटला तर आत शॉर्ट. एलईडीवर हे जमत नाही, म्हणून जुने बल्ब कापसात गुंडाळून ठेवलेत. हे काम मात्र तुमचं नव्हे.

आणि जळलेला सामान लगेच भंगारवाल्याला देऊ नका. विमा असेल तर आधी फोटो काढा आणि पॉलिसी वाचा. वरती वीज पडणं लिहिलेलं असतं, पण खाली अपवादांत शॉर्ट सर्किटनं जळालेली विजेची उपकरणं बऱ्याचदा वगळलेली असतात, तीही "वीज पडली तरी" असं म्हणून.