औषधांच्या फ्रीजवर स्वस्तात पहारा कसा बसवावा

इन्सुलिन आणि बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. तापमान वर गेले तर औषधाचा गुण हळूहळू कमी होतो. इन्सुलिन मात्र एकदा गोठले की वितळल्यानंतरही वापरता येत नाही, आणि नुसत्या कुपीकडे पाहून ते ओळखता येईलच असे नाही. दिवसातून दोनदा थर्मामीटर पाहून वहीत आकडा लिहिण्याची औषधांच्या दुकानातली पद्धत चांगलीच आहे, परंतु रात्री दोन वाजता काय घडले हे ती वही सांगत नाही. ही उणीव थोड्या खर्चात आणि थोड्या चिकाटीने भरून काढता येते.

त्यासाठी लागणारे सामान मोजके आहे. तापमान मोजायला डीएस१८बी२० या सेन्सरचा पाण्यापासून सुरक्षित असा धातूच्या नळीतला प्रोब, तो वाचायला वायफाय असलेला ईएसपी३२ बोर्ड, ४.७ किलो-ओहमचा एक रेझिस्टर, आणि नोंदी साठवायला रास्पबेरी पाय हा हाताएवढा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’) किंवा घरात पडून असलेला जुना लॅपटॉप. बोर्ड आणि प्रोब काहीशे रुपयांत येतात. मात्र या सेन्सरच्या नकला बाजारात भरपूर आहेत, म्हणून शक्यतो खात्रीच्या विक्रेत्याकडून घ्यावा आणि तरीही तपासून घ्यावा.

तपासण्याची रीत घरगुती आहे. ग्लासात बारीक फोडलेला बर्फ भरून त्यात थोडेसेच पाणी घालावे, प्रोब मधोमध धरून ढवळावे आणि काही मिनिटांनी वाचन पाहावे. ते शून्याच्या जवळ असले पाहिजे. सेन्सरची अचूकता या टप्प्यात अर्धा अंश इकडे-तिकडे इतकी असते. फरक याहून जास्त आणि प्रत्येक वेळी बदलणारा असेल, तर तो प्रोब सरळ बाजूला ठेवावा.

जोडणी करताना प्रोबच्या वीज, भू आणि डेटा या तिन्ही तारा बोर्डाला जोडाव्यात आणि रेझिस्टर डेटाची तार व ३.३ व्होल्ट यांच्या मध्ये लावावा. तारांच्या रंगांवर विसंबू नये, कारण ते उत्पादकागणिक बदलतात. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा वेगळा क्रमांक असल्यामुळे दोन-तीन फ्रीजचे प्रोब एकाच डेटा तारेवर बसतात. बोर्ड मात्र फ्रीजच्या बाहेरच ठेवावा, कारण आत दमट हवा असते आणि पत्र्यामुळे वायफाय क्षीण होते. मूळ ईएसपी३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झचेच वायफाय ओळखतो, त्यामुळे बोर्ड जोडला जात नसेल तर आधी राउटरची ही सेटिंग पाहावी.

प्रोब फ्रीजमध्ये मोकळा सोडला, तर दार उघडताच आकडा उसळतो आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत दिवसभर खोटे इशारे येत राहतात. म्हणून तो ग्लिसरीन भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवून मधल्या कप्प्यात ठेवावा (ग्लिसरीन आपल्याच दुकानात मिळेल). औषधाच्या कुपीलाही तापायला वेळ लागतो. बाटलीतला प्रोब साधारण त्याच गतीने बदलतो.

बोर्डाने दर मिनिटाला वाचन एमक्यूटीटी या, यंत्रांनी एकमेकांना छोटे संदेश धाडण्याच्या पद्धतीने पाठवावे. १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी ही पद्धत तयार झाली, त्यामुळे मंद जोडणीवरही ती तग धरते. रास्पबेरी पायवर मॉस्किटो हा मोफत ब्रोकर, म्हणजे संदेश घेऊन पुढे पोचवणारा प्रोग्राम, बसवावा. त्याच्या २.० आणि पुढच्या आवृत्त्या, वेगळी सेटिंग केल्याशिवाय, दुसऱ्या यंत्राकडून जोडणी घेत नाहीत; अनेक जण येथेच अडतात आणि रागाच्या भरात विनापासवर्ड प्रवेश खुला करून टाकतात. तसे करू नये, पासवर्डची फाइल बनवावी. राउटरचा मूळ पासवर्डही बदलावा आणि बाहेरच्या इंटरनेटसाठी राउटरमधले कोणतेही पोर्ट (आत येण्याची वाट) उघडू नये. २०१६ साली मिराय नावाच्या घातक प्रणालीने कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले सुमारे ६० ठरावीक पासवर्ड वापरूनच.

आता इशाऱ्यांचे नियम. तापमान सलग दहा मिनिटे ८ च्या वर राहिले, किंवा २ च्या खाली गेले, तर टेलिग्रामवर संदेश जावा. ८५ आणि उणे १२७ हे दोन आकडे आले तर ते तापमान समजू नये: पहिला सेन्सर नुकताच चालू झाल्याचा असतो, दुसरा, सेन्सर वाचण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या तयार कोडमध्ये (लायब्ररीत), तार निसटल्याची खूण असतो. मात्र ते गुपचूप गाळूनही टाकू नयेत. दोनदा आले तर तोही इशाराच समजावा.

खरी गोम पुढे आहे. वीज गेली की फ्रीज, राउटर आणि पाय हे तिघेही एकदमच बंद पडतात, म्हणजे ज्या रात्री संदेश हवा त्याच रात्री तो पाठवणारे कोणी उरत नाही. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद राहण्याची सवय असलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. राउटर आणि पाय यांना छोटा यूपीएस द्यावा. अचानक वीज तुटल्याने पायचे मेमरी कार्ड बिघडते, तेही त्यामुळे टळते. मोबाइलच्या पॉवर बँकेवर बोर्ड चालवण्याचा मोह आवरावा, कारण प्रवाह कमी दिसला की अनेक पॉवर बँका आपोआप बंद होतात. शिवाय बोर्ड गप्प झाला की ब्रोकरने तसे जाहीर करावे, यासाठी एमक्यूटीटीमधील ‘शेवटचा संदेश’ आधीच नोंदवून ठेवावा. जिवंतपणाची मुदत (‘कीप अलाइव्ह’, म्हणजे बोर्डाने इतक्या वेळात काही ना काही खूण पाठवलीच पाहिजे अशी सेटिंग) ६० सेकंद असेल, तर साधारण ९० सेकंदांत तो निघतो. पायने स्वतः दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला हजेरी द्यावी आणि हजेरी चुकली की त्या सेवेने मालकाला कळवावे.

शेवटी एका रविवारी, औषधे दुसऱ्या फ्रीजमध्ये हलवून, एकेक गोष्ट मुद्दाम बिघडवून पाहावी: प्रोब काढावा, राउटर बंद करावा, नंतर मुख्य स्विचच पाडावा. प्रत्येक वेळी इशारा किती मिनिटांनी आला ते तापमानाच्या त्याच वहीत लिहावे, आणि थर्मामीटरचा आणि प्रोबचा आकडा सलग दोन आठवडे जुळेपर्यंत जुना थर्मामीटर काढू नये.