काच लावल्यावर परत बघा: ग्राफिक्स कार्डाची पॉवर केबल जोडण्याआधीची तयारी

गेल्या मे महिन्यात माझ्या कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाला वीज देणाऱ्या केबलचा प्लग वितळला. कार्ड ४५० वॅटचं, घेऊन सव्वा महिना झालेला. मी बिल्डर लोकांसाठी थ्रीडी वॉकथ्रू, म्हणजे इमारतीत फिरल्यासारखे दाखवणारे व्हिडिओ, करतो. रात्री रेंडर लावून जेवायला बसलो होतो, तेवढ्यात इस्त्रीला नायलॉन चिकटल्यावर येतो तसला वास आला. ताटावरून उठून मेन बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी प्लग ओढला तर निघेना, खटका दाबूनही निघेना. हळूहळू हलवत काढला तेव्हा खालच्या रांगेतली कडेची दोन भोकं पसरट झाली होती, कड तपकिरी पडली होती आणि प्लास्टिकचा एक पापुद्रा कार्डाच्या बाजूलाच चिकटून राहिला होता.

जोडताना मी घाई केली नव्हती. प्लग पूर्ण बसवला होता, खटका वाजला होता, पुतण्याने बॅटरीचा उजेड धरला होता आणि आम्ही दोघांनी बघितलं होतं. चूक त्याच्यानंतर झाली. कॅबिनेटची बाजूची काच लावताना केबल काचेला टेकत होती. मी तळव्याने काच दाबली, स्क्रू फिरवले आणि कामाला लागलो. नंतर काच काढून उजेडात धरली तर केबल टेकत होती तिथे आतून घासल्याचा पट्टा उमटला होता. काचेने केबल दाबली, केबलने प्लग तिरका केला, आणि एका बाजूच्या पिना अर्धवट सुटल्या.

म्हणून घाईत असाल तर एवढं एकच वाचा: काच लावून झाल्यावर बॅटरी मारून प्लग परत बघा. जोडल्यावर बघितलं होतं हे पुरत नाही. काच लावल्यावर बघा.

प्लग एखादा मिलिमीटर सुटला तर एवढं काय होतं, असं मला दुकानातही विचारलं गेलं. हिशोब साधा आहे. घरातला २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर खेचतो, आणि त्याला आपण जाड पिनांचा १६ अँपिअरचा सॉकेट लावतो. ग्राफिक्स कार्ड चालतं १२ व्होल्टवर. एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ५०९० हे ५७५ वॅटचं कार्ड पूर्ण लोडला सुमारे ४८ अँपिअर खेचतं, आणि हा सगळा करंट दोन बोटांएवढ्या प्लगमधल्या सहा पिनांतून आत जातो, दुसऱ्या सहांतून परत येतो. म्हणजे काडीएवढ्या एकेका पिनेवर ८ अँपिअर, जवळजवळ एका गिझरचा भार. पिनेची मर्यादा ९.५ च्या आसपास. आता सहातल्या दोन पिना नीट टेकल्या नाहीत तर उरलेल्या चारांवर १२-१२ अँपिअर येतात. करंट दीडपट झाला की उष्णता सव्वादोनपट होते. आणि कार्डाला हे कळत नाही, कारण एनव्हिडियाच्या ४० आणि ५० मालिकेच्या (४०९०, ५०९० वगैरे) बहुतेक कार्डांत सहाही तारा आत शिरताच एकत्र होतात. त्याला ४८ अँपिअर मिळाले की झालं, ते कुठल्या पिनेतून आले याची दखल ते घेत नाही. पंखे नेहमीसारखे फिरतात, तापमान नेहमीचं दिसतं, आणि प्लग मात्र आतून भाजत असतो. जुन्या ८ पिनांच्या प्लगवर १५० वॅटचाच भार असायचा, पिनेमागे चार अँपिअरच्या आसपास, म्हणून थोडं सैल बसलं तरी निभायचं. इथे ती सवड नाही.

आता तयारी. मशीन बंद, एसएमपीएसचं (मशीनला वीज पुरवणाऱ्या पेटीचं) मागचं बटण बंद, वायर भिंतीतून काढलेली, मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरायचं म्हणजे आत साठलेली वीज उतरते. हे सगळ्यांना माहीत असतं.

एसएमपीएसचे वॅट: एनव्हिडिया ४०९० साठी ८५० आणि ५०९० साठी १००० वॅट सांगते. त्याखाली जाऊ नका.

केबल कुठली, यावर थांबतो, कारण इथे माणसं कार्डच नाही तर अख्खं मशीन घालवतात. एसएमपीएसच्या डब्यात आलेलीच केबल वापरायची. जुन्या एसएमपीएसची चांगली जाड केबल घरात पडली असेल तरी तिला हात लावू नका. केबलच्या कार्डाकडच्या टोकाचं प्रमाण ठरलेलं आहे, एसएमपीएसकडच्या टोकाचं नाही. प्रत्येक कंपनी तिथे पिना आपल्या मनाने लावते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. प्लग मात्र व्यवस्थित बसतो! चालू केलं की जिथे शून्य हवं तिथे १२ व्होल्ट जातात आणि धूर निघायलाही वेळ लागत नाही. बसतंय म्हणजे चालतंय असं इथे धरायचं नाही. तसंच, सीपीयूची (मुख्य प्रोसेसरची) ८ पिनांची केबल आणि ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची केबल लांबून सारख्या दिसतात, पण त्यांतल्या प्लस-मायनसच्या रांगा उलट्या असतात. सीपीयूचा प्लग ४ आणि ४ असा फुटतो, कार्डाचा ६ आणि २ असा. जोर लावावा लागत असेल तर तुमच्या हातात चुकीची केबल आहे. थांबा.

एसएमपीएस नवा असेल तर त्यात १६ पिनांची (करंटच्या १२ आणि बारीक ४) सरळ केबल येते, तीच उत्तम. नसेल तर कार्डासोबत आलेला अ‍ॅडॉप्टर लावावा लागतो, ज्याला एकीकडे तीन-चार ८ पिनी तोंडं असतात. त्यातल्या प्रत्येक तोंडाला एसएमपीएसपासून वेगळी केबल द्या. एकाच केबलला पुढे दोन तोंडं फुटलेली असतात ना, ती दोन्ही वापरून केबल वाचवू नका. कार्डाला करंट तेवढाच लागतो, एका केबलवर मग दुप्पट येतो.

नवं कार्ड किंवा नवा एसएमपीएस घेताना १२व्ही-२×६ हा सुधारलेला प्लग आहे का ते बघा. २०२२ च्या ऑक्टोबरात ४०९० आलं तेव्हाचा प्लग १२व्हीएचपीडब्ल्यूआर नावाचा होता. काही आठवड्यांतच जळालेल्या प्लगांचे फोटो यायला लागले आणि नोव्हेंबरात एनव्हिडियाने सांगितलं की प्लग पूर्ण न बसणं हे सापडलेलं समान कारण आहे. मग २०२३ मध्ये प्लग सुधारला. आत चार बारीक पिना असतात, त्यातल्या दोनांवरून कार्डाला किती वॅट घ्यायचे ते कळतं. त्या बारीक पिना आखूड केल्या आणि करंटच्या पिना किंचित लांब केल्या, म्हणजे प्लग बराच बाहेर राहिला तर कार्ड सुरूच होत नाही. चांगली सोय आहे, पण ती सरळ बाहेर राहिलेल्या प्लगासाठी. एका बाजूने तिरका झालेला प्लग तिच्यातून निसटू शकतो. त्यामुळे सुधारित प्लग असला तरी काच लावल्यावर बघायचंच.

अर्थिंग तपासून घ्या. तीन भोकांचा सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही, जुन्या घरांत तिसऱ्या भोकामागे कित्येकदा तारच नसते. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. वायरमनला बोलवा, त्याच्याकडून मोजून घ्या. शंभर-दीडशे रुपयांच्या एक्स्टेन्शन बोर्डावर हे मशीन लावू नका.

मग धूळ. माझं ऑफिस सोलापूरच्या पूर्व भागात आहे, खाली यंत्रमाग चालतात, आणि टॉवेलच्या सुताचे बारीक तंतू खिडकी बंद असली तरी वर येतात. उघड्या सॉकेटमध्ये असा एखादा तंतू गेला की पिन पूर्ण टेकत नाही. कार्ड डब्यातून काढलं की प्लगच्या भोकावरचं रबरी टोपण अगदी जोडण्याच्या क्षणापर्यंत ठेवा. केबलच्या टोकातही बॅटरी मारून बघा: सगळ्या भोकांतले धातू एका पातळीवर दिसले पाहिजेत, एखादा मागे सरकलेला दिसला तर ती केबल परत करा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते. हवेचा रबरी फुगा मिळतो, तो वापरा.

जागा मोजा, आणि ही मोजणी कॅबिनेट विकत घेण्याआधी करा. प्लगमधून बाहेर पडल्यावर साधारण ३५ मिलिमीटर केबल सरळ राहिली पाहिजे, वळण त्याच्यानंतर. कार्डाच्या कडेपासून काचेपर्यंत पट्टी लावा. प्लगची उंची, त्यावर ३५ मिलिमीटर आणि वळणाची जागा, एवढं मावत नसेल तर ती केबल काचेला टेकणार. माझी टेकत होती. मला ते दिसत होतं आणि मी काच दाबली. मावत नसेल तर रुंद कॅबिनेट घ्या, नाहीतर काच न लावता मशीन वापरा आणि धूळ आठवड्याला पुसा. काटकोनी अ‍ॅडॉप्टर लावून जागा वाचवू नका. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत असे २५ हजारांवर अ‍ॅडॉप्टर तापून वितळतात म्हणून परत मागवावे लागले. जोड जितके वाढवाल तितक्या जळायच्या जागा वाढतात.

आता जोडणी. शक्य असेल तर केबल आधी कार्डाला लावा आणि मग कार्ड स्लॉटमध्ये बसवा. कॅबिनेटच्या आत हात वाकडा करून पुरेसा जोर लागत नाही. कार्ड टेबलावर आडवं ठेवा, खाली टॉवेल घाला, एका हाताने कार्डाची मागची बाजू धरा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने प्लगच्या अंगावर सरळ दाब द्या. तारांना धरून ढकलू नका. डावी-उजवी झुलवत बसवायचं नाही, त्याने भोकं सैल होतात. खटक्याचा आवाज कधी स्पष्ट येतो, कधी येतच नाही, म्हणून आवाजावर विसंबू नका. दुकानात कार्ड लावून देणारा मुलगा म्हणेल, "बसलंय की ओ, चालू करा." त्याला म्हणा, बाबा, बॅटरी दे. प्लग आणि सॉकेटच्या मधली रेघ बघा. ती दोन्ही टोकांना सारखी, नखही शिरणार नाही अशी हवी. मग प्लगचं अंग धरून हलकेच मागे ओढा. हलता कामा नये.

हेच सगळं एसएमपीएसच्या टोकाला. ते टोक अंधारात असतं आणि तिथे कोणी बघत नाही. बघा.

कार्ड जड असतं, पुढून झुकतं, झुकलं की प्लगवर ताण येतो. खाली आधाराची काठी लावा, काही कार्डांच्या डब्यात येते. केबल बांधताना प्लगजवळ झिप टाय आवळू नका, लांब बांधा.

आता काच. काच लावताना केबल टेकते का ते कानाने आणि हाताने जाणवतं; काच आपसूक बसली पाहिजे, दाबावी लागली तर काढा आणि केबल परत फिरवा. स्क्रू लावा. मग बॅटरी घ्या आणि काचेतून प्लगवर मारा. समोरून एकदा, वरून एकदा, खालून एकदा. ती रेघ अजून दोन्ही टोकांना सारखी आहे का? पत्र्याचं झाकण असेल आणि आतलं दिसत नसेल तर झाकण लावा, काढा आणि बघा, प्लग हलला असेल तर कळेल. मला माहीत आहे, इथपर्यंत येईपर्यंत पाठ भरून आलेली असते आणि पडद्यावर चित्र बघायची घाई असते. पुतण्या मागून "काका, झालं का?" म्हणत होता. तीस सेकंद लागतात. त्या तीस सेकंदांपायी माझं कार्ड दीड महिना दुरुस्तीत अडकलं आणि दोन वॉकथ्रू दुसऱ्याला द्यावे लागले.

मात्र बघा म्हणजे नुसतं बघा, दर वेळी प्लग काढून घालू नका. हा प्लग ३० वेळा काढ-घाल करण्यापुरताच बनवलेला असतो.

पहिल्यांदा चालू केल्यावर अर्धा तास पूर्ण लोड द्या, जवळ बसा, वास घ्या. मग बंद करून परत बॅटरी. आठवड्याने एकदा. मशीन उचललं, दिवाळीच्या साफसफाईत टेबल सरकवलं, काच काढून धूळ पुसली, की परत.

उन्हाळ्यात पारा ४२ वर गेला की पॉवर लिमिट (कार्डाने जास्तीत जास्त किती वॅट घ्यायचे ती मर्यादा) ८० टक्क्यांवर आणा, वेग फारसा पडत नाही. काम चालू ठेवून रात्री झोपू नका. जळका वास आला तर आधी भिंतीवरचं बटण, मग बाकीचं.

आणि तुमचं मशीन आधीच जोडून झालं असेल, काच लावलेली असेल, तर आत्ता उठा आणि बॅटरी मारून या.