परदेशातलं स्वयंसेवेचं काम संपवून जोडीने घरी परतताय? या चुका टाळा

आफ्रिकेतल्या मलावीहून आम्ही दोघं २०२४ च्या जूनमध्ये सांगलीला परतलो. त्याआधीची जवळजवळ दोन वर्षं मांगोची जिल्ह्यात, मलावी सरोवराजवळच्या एका गावात गेली. मी प्राथमिक शाळांच्या शिक्षकांना प्रशिक्षण देत होते, नवरा विहिरी आणि हातपंपांच्या कामावर होता. जाण्याआधी संस्थेने भरपूर तयारी करून घेतली: चिचेवा भाषा, मलेरिया, तिथल्या रीतीभाती. परतीच्या वेळी मात्र सामानाचं वजन आणि विमानाची वेळ, एवढंच बोलणं झालं. घरीच तर चाललोय, त्याला कसली तयारी, असं आम्हालाही वाटलं. आता परतलेली किंवा परतायच्या बेतात असलेली जोडपी फोन करतात, तेव्हा सगळ्यांना त्याच त्याच ठिकाणी ठेच लागलेली दिसते. म्हणून हे लिहून काढते आहे.

बरोबर गेलो म्हणजे बरोबर परतलो, असं धरून चालणं

जोडप्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. मला सहा आठवड्यांत शाळेत काम मिळालं. सकाळची घाई, डबा, रिक्षा, पालकसभा यांत मी रुळले. नवरा रुळला नाही. नळाला चोवीस तास पाणी असूनही तो रात्री झोपण्यापूर्वी तीन बादल्या भरून ठेवायचा आणि त्यांवर ताटं झाकायचा. सकाळी मी त्या ओतून द्यायचे. चार-पाच दिवस आम्ही दोघंही त्याबद्दल काही बोललो नाही. मग एका सकाळी बादलीवरून असं भांडण झालं, की सासूबाई देवघरातून उठून बाहेर आल्या.

परतण्याचा धक्का जाण्याच्या धक्क्यापेक्षा वेगळा असतो, ही गोष्ट फार पूर्वीच लिहून ठेवलेली आहे. जॉन आणि जीन गुलाहॉर्न यांनी १९६३ साली परदेशातून परतलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या आणि अभ्यासकांच्या अनुभवांवरून मांडलं, की माणसाचं मन परदेशात एकदा खाली जाऊन वर येतं आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा खाली जातं. कागदावर काढलं तर इंग्रजी डब्ल्यूसारखी रेघ होते. मला यात एकच भर घालायची आहे: घरात दोन माणसं असली की रेघाही दोन असतात, आणि त्या एकाच दिवशी खाली जात नाहीत. मी वर होते तेव्हा तो खाली होता. मी दिवाळीनंतर खाली गेले, तेव्हा तो नुकता सावरत होता आणि त्याला माझं कळेना.

यावर उपाय सापडला तो अपघातानेच. एका रात्री वीज गेली, गॅलरीत बसलो आणि तिथलं काय काय आठवतं ते दोघांनी सांगितलं. दोन वर्षं एका छपराखाली काढलेली, पण आमच्या दोन याद्या जुळेनात. त्याला कामाची किंमत आठवत होती. हातपंप दुरुस्त झाल्यावर पहिलं पाणी येताना तिथे उभं राहणं, आणि आता इथे दुसऱ्याच्या नकाशांवर सही मिळवत फिरणं. मला आठवत होतं ते बोलणं. तिकडे दुकानात मीठ मागण्याआधीसुद्धा ‘म्वाद्झुका ब्वांजी’ म्हणायचं, म्हणजे कसे उठलात. समोरच्याने बरा उठलो म्हणायचं, तुम्ही कशा ते विचारायचं, आणि मगच मीठ. इथे मी रिक्षावाल्याला नमस्कार केला की तो ‘कुठं जायचंय?’ एवढंच विचारतो. आपल्या जोडीदाराचं नेमकं काय तिथे राहिलं आहे, हे तुम्हाला माहीत आहे असं गृहीत धरू नका. विचारा. उत्तर आलं की लगेच ‘पण’ लावू नका.

एक खूण मात्र हलकी घेऊ नका. झोप उडणं, जेवण तुटणं, कशातच मन न लागणं असं दोन-तीन आठवडे सलग चाललं, तर ती नुसती आठवण नाही. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

ताप आल्यावर ‘कुठून आलो’ हे न सांगणं

परतल्यानंतर एकोणिसाव्या दिवशी नवऱ्याला थंडी वाजून ताप आला. पावसाळा होता, गल्लीत प्रत्येक घरी ताप होता. डॉक्टरांनी व्हायरल म्हणून गोळ्या लिहिल्या, त्यात त्यांची काही चूक नव्हती, कारण आम्ही मलावी हा शब्दच उच्चारला नव्हता. तो दुसऱ्या दिवशी उच्चारला आणि तासाभरात रक्ताची काच तपासली गेली. फॅल्सिपेरम मलेरिया निघाला. आफ्रिकेतल्या या मलेरियावर क्लोरोक्विनचा भरवसा धरता येत नाही आणि उशीर झाला तर तो जिवावर बेततो. बहुतेकदा तो परतल्यावर महिन्याभरात डोकं वर काढतो, पण ओव्हेलसारखे मलेरियाचे दुसरे प्रकार यकृतात दबून राहून कित्येक महिन्यांनीही उठतात. म्हणून वर्षभर कुठलाही ताप आला तर पहिलं वाक्य एकच: आम्ही अमुक देशातून अमुक तारखेला आलो आहोत.

आमची अजून एक चूक इथेच सांगते. प्रतिबंधक गोळ्या विमानतळावर संपत नाहीत. डॉक्सिसायक्लिन परतल्यावरही चार आठवडे घ्यायची असते, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. आम्ही घरच्या जेवणाच्या आनंदात चौथ्या दिवशीच थांबवल्या होत्या.

दुसरं, सरोवरात पोहला असाल तर बिल्हार्झिया या जंतांच्या आजाराची तपासणी करून घ्या. मलावी सरोवर, त्यातही केप मॅक्लिअरचा किनारा, यासाठी ओळखला जातो. गोगलगायींतून पाण्यात आलेल्या अळ्या कातडीतून आत शिरतात आणि कित्येकदा महिनोन्‌महिने काहीच लक्षण दिसत नाही. तपासणी लगेच करून उपयोग नसतो. शेवटचं पाण्यात उतरल्यापासून सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात. प्राझिक्वाँटेल या औषधाने तो बरा होतो. आपल्याकडच्या डॉक्टरांना हा आजार सहसा दिसत नाही, त्यामुळे नाव तुम्हालाच घ्यावं लागेल. भारतातलं त्याचं जे एक ठिकाण वैद्यकीय लेखनात नेहमी सांगितलं जातं, ते आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी, आणि तेही १९५२ सालचं.

कागदपत्रं ‘नंतर बघू’ म्हणून सोडणं

माझा मोबाईल नंबर गेला. वापर नसलेलं प्रीपेड सिम नव्वद दिवसांनंतर बंद होऊ शकतं, आणि मग नंबर दुसऱ्याला दिला जातो. माझा कोणा अनोळखी माणसाकडे गेला आणि बँकेचे ओटीपी त्यांच्याकडे. ते भले गृहस्थ होते, वाईट माणूस असता तर काय झालं असतं याचा विचारही नको. जाणाऱ्यांनी घरातल्या कुणाला तरी दोघांच्याही नंबरांचं रिचार्ज नेमून द्यावं. नंबर गेलाच असेल तर आधी आधार केंद्रावर नवा नंबर जोडा, मग बँकेच्या शाखेत जा.

खात्यावर दोन वर्षं तुमच्याकडून एकही व्यवहार झाला नसेल, तर ते निष्क्रिय होतं. ते पुन्हा सुरू करायला केवायसी लागते, पण त्यासाठी बँकेने शुल्क घ्यायचं नसतं. जाताना खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, केलं असेल, तर कायमचं परतल्यावर बँकेला कळवून ते पुन्हा निवासी करून घ्यायचं, हे बरेच जण विसरतात.

आरोग्य विमा ‘तिकडे संस्थेचा आहेच’ म्हणून बंद पडू देणं ही महागडी चूक. नवी पॉलिसी घेतली की आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो, आणि तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो. माझ्या थायरॉईडचं तेच झालं.

आयकराचं थोडं सविस्तर सांगायला हवं. ‘रहिवासी, पण सामान्य रहिवासी नाही’ ही सवलत आपल्याला मिळेल असं आम्ही ऐकून होतो. ती बराच काळ बाहेर राहिलेल्यांसाठी आहे: आधीच्या दहांपैकी नऊ वर्षं अनिवासी असणं, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवस किंवा त्याहून कमी राहिलेलं असणं. दोन वर्षांत परतणारे सहसा यात बसत नाहीत. आम्ही जूनमध्ये आलो, त्या आर्थिक वर्षात सरळ पूर्ण रहिवासी ठरलो, आणि तिकडचं बँक खातं विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागलं. त्यात किती क्वाचा (मलावीचं चलन) उरले आहेत याला महत्त्व नाही. त्या वर्षात खातं बंद केलं तरी दाखवायचंच. विवरणपत्र भरण्याआधी सनदी लेखापालांना एकदा तारखा दाखवा.

घरच्यांना पहिल्याच आठवड्यात सगळं सांगायला जाणं

मी टीव्हीला लॅपटॉप जोडून तीनशे फोटो दाखवायला बसले. चाळिसाव्या फोटोला मामा ‘वाघ-सिंह दिसले का?’ म्हणाले, आणि एका वहिनींनी ‘काळ्या लोकांत भीती नाही वाटली?’ असं विचारलं. मी संतापले, मोठं भाषण दिलं, आणि खोली गप्प झाली. त्या गप्पपणाने कुणाचं मत बदललं नाही.

नंतर कधीतरी त्याच वहिनींना मी एवढंच सांगितलं: २०२३ च्या मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळ आलं, आमच्या खोलीत पाणी शिरलं, तेव्हा शेजारच्या बाईंनी त्यांची एकुलती कोरडी खोली आम्हाला दिली आणि स्वतः चार पोरांना घेऊन चुलीपाशी झोपल्या. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘त्यांचं नाव काय हो?’

सासूबाईंचं मन वळलं ते चुलीपाशी. नवऱ्याला न्सिमा खायची इच्छा झाली. तिकडे ती पांढऱ्या मक्याचा कोंडा काढून केलेल्या बारीक पिठाची करतात. इथे मिळालं पिवळ्या मक्याचं भरड पीठ. पातेल्यात पाणी उकळून तो लाकडी पळीने घोटत राहिला, दंड भरून आले, गुठळ्या मोडेनात. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. शेवटी पदर खोचून आत आल्या, पळी घेतली, म्हणाल्या, ‘आरं, हे तर आपलं घट्ट माडगंच की!’ आणि मग खर्ड्याबरोबर आम्ही तिघांनी हाताने गोळे करून खाल्लं. चव अजिबात जमली नव्हती. पण त्या रात्री त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, की तिथे रोजच्या जेवणाला काय असतं, आणि बायका पाणी किती लांबून आणतात.

फोटो ठेवून द्या. एक पदार्थ करा, किंवा एकाच माणसाची गोष्ट सांगा. आणि मुलांचे फाटक्या कपड्यांतले फोटो तर कुणालाच दाखवू नका. त्यांच्या आईने ते दाखवायला परवानगी दिली असती का, एवढं स्वतःला विचारा.

दोन वर्षांना ‘ब्रेक’ म्हणू देणं

मुलाखतीत ‘म्हणजे दोन वर्षं गॅप आहे’ असं म्हणतातच. ‘समाजसेवा केली’ हे उत्तर पुरत नाही. एकेका वर्गात शंभराहून जास्त मुलं, पुस्तकं अपुरी, फळा एक, अशा ठिकाणी वाचन कसं शिकवायचं हे मी शिक्षकांना दाखवत होते, असं सांगितल्यावर मुख्याध्यापिकांनी पेन खाली ठेवलं आणि ऐकायला लागल्या. काम सांगा, आकडे सांगा, संस्थेकडून निघण्यापूर्वीच कामाच्या तपशिलासह पत्र घ्या.

निरोपाच्या दिवशी दिलेली वचनं, आणि जोडीदारापासून लपवून पाठवलेले पैसे

ही चूक मला सगळ्यात जास्त दुखली. निघताना डोळे भरलेले असतात. कुणी म्हणतं मुलीची फी, कुणी म्हणतं पत्र्याचं छप्पर, आणि आपण ‘हो, नक्की’ म्हणतो. घरी आल्यावर रात्री फोनवर निरोप येऊ लागतात. त्यात खोटेपणा नसतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एका झटक्यात क्वाचाचं चव्वेचाळीस टक्के अवमूल्यन झालं. पिठाच्या पिशवीची किंमत कशी चढत गेली ते आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं.

जानेवारीत पासबुक भरून आणलं, तेव्हा मला कळलं की नवरा चार महिने आमच्या तिथल्या रात्रपाळीच्या राखणदाराला पैसे पाठवत होता. मला न सांगता. तो म्हणाला, ‘तू नको म्हणाली असतीस.’ मी नको म्हणाले नसते. माझ्यावर त्याचा एवढाही विश्वास उरला नाही, हे मला लागलं, आणि हे तुटलेलं सांधायला पैशांपेक्षा जास्त वेळ लागला. खरं तर मीही तेच करत होते, फक्त माझी लपवाछपवी दुसऱ्या तऱ्हेची होती: निरोप यायचे आणि मी ते न वाचता पुसून टाकायचे.

पैसे पाठवायचे असतील तर बँकेतून, रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेखाली (परदेशी पैसे पाठवण्याची अधिकृत सोय) पाठवा. ‘इथे आमच्या माणसाला रुपये द्या, तिथे त्यांना क्वाचा मिळतील’ असा सोपा मार्ग ओळखीतून कुणीतरी सुचवतंच. तो हवाला आहे. देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी तो बेकायदा आहे.

आम्ही शेवटी वर्षाची एक रक्कम दोघांनी मिळून ठरवली आणि वहीत लिहिली. त्यात एकाच मुलीची माध्यमिक शाळेची फी बसते. ती आम्ही थेट शाळेच्या खात्यात भरतो. बाकीच्यांना आम्ही दोघांनी बसून, एकेकाला फोन करून सांगितलं की आम्हाला जमणार नाही. राखणदाराला नवऱ्याने स्वतः सांगितलं. तो गप्प राहिला, मग म्हणाला, तुम्ही फोन केलात हे चांगलं केलंत, लोक करत नाहीत.

रविवारी आम्ही त्या मुलीच्या घरी फोन लावतो. तिकडे सकाळचे आठ वाजलेले असतात, इथे साडेअकरा. फीचा आणि मार्कांचा विषय पहिली पाच मिनिटं काढायचा नाही असं ठरलंय. आधी कसे उठलात, आई कशी उठली, कोंबड्या किती झाल्या. सासूबाई आता फोनजवळ येऊन बसतात आणि ‘म्वाद्झुका ब्वांजी’ मोठ्याने म्हणतात. तिकडून सगळं घर एकदम उत्तर देतं.